एक्स्पायरी झालेला रवा, सासूबाईंचं नाक आणि मी

निंबोणी (इंदिरानगर, नाशिक)
मंगळवार, दुपारी २:४०

मंडळी, धागा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात सासू-सासरे सिडकोतलं घर आवरून आमच्याकडे राहायला आले. दोन संसार एका ओट्याखाली आले की काय होतं, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. हळदीचे तीन डबे, मोहरीचे चार, हिंगाच्या डब्या तर मोजल्याच नाहीत. दिवाळी तोंडावर आली म्हणून रविवारी जेवणं उरकल्यावर जमिनीवर जुनी चादर पसरली आणि सगळं खाली उतरवलं. चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून एकेका पुड्यावरची तारीख वाचली. तारीख छापतात तरी कुठे हो! कधी शिवणीच्या दुमडीत, कधी काळ्या पट्टीवर काळ्याच ठिपक्यांनी. बोट फिरवलं की निम्मी पुसून जाते.

मुदत उलटलेले चौदा नग निघाले. अर्धा पुडा रवा (सात आठवडे उलटून गेलेले), बेसन, कस्टर्ड पावडर, इडलीचं तयार पीठ, सोया सॉस, भावाने अमेरिकेहून आणलेली चॉकलेटं, नारळाच्या दुधाचा फुगलेला डबा, किलोभर शेंगदाणे, आणि असंच काहीबाही. काळ्या पिशवीत भरून पिशवी जिन्याखाली ठेवली, सकाळच्या घंटागाडीत टाकायला.

सकाळी सहाला दूध घ्यायला दार उघडते तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या आणि पिशवी सोडलेली. एकेक पुडा नाकाशी. रव्याची चिमूट घ्यायच्या, दोन बोटांतून ताटलीत सोडायच्या आणि धार बघायच्या. कण सुटे पडतात की एकाला एक चिकटून येतात, हे त्या बघत होत्या. (जाळी धरलेला रवा लोंबतो, हे मला त्या दिवशी कळलं.) चौदातले नऊ नग परत वर आले. फुगलेल्या डब्याला मात्र त्यांनी हातही लावला नाही. मला म्हणाल्या, "काय झालंय रव्याला? खमंग भाज आणि शिरा कर. लक्ष्मी अशी उकिरड्यावर टाकतात का?"

माझं डोकं फिरलं. "आई, छापलंय त्यावर!" म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. फ्रीज उघडला, दारातली टोमॅटो सॉसची बाटली काढली आणि विचारलं, "ही कधी फोडलीस?"

मला आठवेना. गणपतीच्या आधी, नक्की. बाटलीवर तारीख पुढच्या वर्षाची, म्हणून मी निर्धास्त. झाकणाच्या आत मात्र काळपट कड धरलेली.

तेव्हापासून दोघी शब्द तोलून बोलतोय. जाणकारांनी सांगावं: तारीख कशाची पाळायची आणि कशाची नाही? नाकावर किती भिस्त ठेवायची?


शंकासुर
मूळ मुद्दा राहिला. शिरा झाला का?


निंबोणी
झाला. कोणी खाल्ला ते विचारू नका.


गंगाघाट (पंचवटी)
वहिनी, आमच्या लहानपणीही पुडीवर तारीख असायची. पण ती वर्तमानपत्राची. भद्रकालीतून किराणा यायचा तो रद्दीच्या पुड्यांत, आणि पुडी सोडली की आधी बातमी वाचायची, मग साखर डब्यात. गव्हाला चैत्र-वैशाखातलं ऊन द्यायचं, तांदळाला आणि डाळीला एरंडेल चोळायचं, पिंपात कडुलिंबाचा पाला. मुदत बिदत कोणाला माहीत? जिभेवर ठेवलं, खवट लागलं, थुंकलं. झालं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. घरात कोणाचं ना कोणाचं पोट कायम बिघडलेलं असायचं. त्याला आम्ही "दृष्ट लागली" म्हणायचो.


क्यूसीवाला (अंबड)
एका फूड कंपनीत क्वालिटी विभागात आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

आधी दोन शब्द वेगळे करू. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा आम्ही सांगतो तसा राहील. ती उलटली तरी पदार्थ खाण्यालायक असू शकतो, एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) व्याख्येतच तसं म्हटलंय. "यूज बाय" किंवा "एक्स्पायरी" म्हणजे त्यानंतर दर्जाची आणि सुरक्षिततेची, दोन्हींची खात्री धरू नका. तो माल विकताही येत नाही.

मग घोळ कुठे झाला? २०२० च्या लेबलिंग नियमांनी पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी अथवा यूज बाय छापणं सक्तीचं केलं, बेस्ट बिफोर ऐच्छिक ठेवलं. आधी रव्यावर "पॅकिंगपासून अमुक महिन्यांत उत्तम" असायचं, आता "एक्स्पायरी" येतं. दुधाच्या पिशवीवरही तोच शब्द. वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही सारखेच धोक्याचे. नाहीत. दूध, पनीर, मांस, मासे, फ्रीजमधलं तयार पीठ, लहान बाळाचं डब्यातलं अन्न, इथे तारीख म्हणजे तारीख, एक दिवसही पुढे जाऊ नका. रवा, डाळ, पोहे, साखर यांत पाणीच इतकं कमी की जंतूंना वाढायला जागा नसते. तिथे तारीख उलटणं म्हणजे बहुतेक वेळा चव उतरणं किंवा किडे.

तारीख काढतात कशी, तेही सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. एकाच बॅचचे पुडे ठरावीक तापमानाच्या आणि दमटपणाच्या कपाटात ठेवतो. ठरावीक दिवसांनी एकेक फोडून ओलावा, तेलाचा खवटपणा, जंतू तपासतो आणि चाखतो. जिथे घसरण दिसते त्याच्या बरंच अलीकडे तारीख धरतो. आणि हे सगळं सीलबंद पुड्यावर. तुम्ही कात्री लावली की आमची तारीख संपली. पुढची जबाबदारी तुमच्या झाकणाची, चमच्याची आणि ओट्यावरच्या वाफेची. त्यामुळे सॉसच्या बाबतीत सासूबाई शंभर टक्के बरोबर. त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत "उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, इतक्या दिवसांत संपवा" असं बहुतेक लिहिलेलं सापडेल. ते कोणी वाचत नाही.

फुगलेला डबा न उघडता टाकला हे फार चांगलं केलंत. आत वायू झाला म्हणजे आत बहुधा काहीतरी जिवंत आहे. डबाबंद अन्नात वाढणाऱ्या बोट्युलिनम जंतूचं विष चाखून बघायची गोष्ट नाही.


निंबोणी
"तुम्ही कात्री लावली की आमची तारीख संपली." हे मोठ्याने वाचून दाखवलं. आईंनी नुसती मान हलवली, पण ती कशी हलवली ते तुम्हाला दिसलं नाही म्हणून वाचलात.

आता माझा पुढचा गुन्हा. मी पुडा बरणीत ओतते आणि पुडा फेकून देते. म्हणजे तारीखच फेकून देते. वर जुन्या बेसनावर नवं बेसन. तळाशी कोणत्या सालचं आहे देव जाणे.


मेतकूट (कॉलेज रोड)
निंबोणी, तू एकटी नाहीस गं. माझ्या बेसनाच्या डब्यात तळाला पुरातत्त्व खातं बसवता येईल.

नवं घालताना जुनं ताटात काढायचं, डबा पुसून कोरडा करायचा, नवं खाली, जुनं वर. आजी करायची. मी करत नाही, पण तुला सांगते.

रव्याला किड्यांची भीती असेल तर आणल्या आणल्या पुडा तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव. किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पुडा गार असताना फोडायचा नाही, ओल धरते. नाहीतर सरळ भाजून ठेव. तीळ, दाण्याचं कूट, किसलेलं खोबरं, अक्रोड हे तेलकट लोक फ्रीजमध्येच, बाहेर खवट होतात. कोरडं सामान टिकतं म्हणून सगळ्यालाच तो न्याय लावू नका.

बाकी राहिलेल्या अन्नाचं मला कोणी शिकवू नये. पोळ्या उरल्या की कुस्करा नाहीतर गूळ-तुपाचा लाडू. आमटी उरली की त्यातच कणीक मळून थालीपीठ. ताक आंबट झालं तर कढी, फारच आंबट झालं तर धिरड्यात. दोडक्याच्या शिरांची चटणी तर दोडक्याच्या भाजीपेक्षा बरी लागते, मी शिरांसाठी दोडके आणते असं आमचे हे म्हणतात. तुपाची बेरी कणकेत. भात उरला की सकाळी फोडणीचा भात, वरून कच्चा कांदा आणि आपला नाशिकचा चिवडा. स्वर्ग.


सातपूरकर
फोडणीच्या भातावरून सांगतो. हसू नका.

मे महिना. रात्री साडेनऊला भात झाला, उरला, पातेलं ओट्यावर तसंच झाकून राहिलं. सकाळी बायकोने मस्त फोडणी दिली आणि माझ्या डब्यात दिला. फर्स्ट शिफ्ट. दहाच्या जेवणाच्या सुट्टीत मी आणि शेजारच्या मशीनवरच्या मित्राने मिळून खाल्ला. साडेबाराला दोघंही बेसिनपाशी. मी आधी, तो माझ्यामागून दहा मिनिटांनी. सुपरवायझरला वाटलं कँटीनमध्ये काहीतरी झालं, त्याने कँटीन बंद करायला लावलं. बिचाऱ्या कँटीनवाल्याचा काही संबंध नव्हता.

मुद्दा असा की भाताला वास नव्हता. तार नव्हती. चव एकदम झकास होती. मी बोटं चाटून खाल्ला होता.


क्यूसीवाला
नेमकी हीच जागा नाकाच्या पलीकडची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवतानाही सगळे मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, फोडणीने तर नाहीच. ५ ते ६० अंश हा पट्टा जंतूंच्या सोयीचा, आणि मे महिन्यातला नाशिकचा ओटा त्या पट्ट्याच्या मधोमध बसतो.

म्हणून फोडणीचा भात सोडायला नको, रात्रीची सवय बदला. जेवण झालं की भात परातीत पसरायचा, वाफ गेली की डब्यात, आणि तासा-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये. "गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो" म्हणून पातेलं रात्रभर बाहेर ठेवणारे लोक मी माझ्याच घरात रोज बघतो.


मेतकूट
माझा भात आजवर कोणाला बाधला नाही. पण परात काढून ठेवली आहे.


कसमादेकर (देवळा)
निंबोणीताई, चौदा नगांत किलोभर शेंगदाणे म्हणालात. ते परत वर आले का खालीच राहिले?


निंबोणी
परत आले. आई म्हणाल्या निवडून घेते, थोडेच काळे आहेत.


कसमादेकर
मग आजच्या आज टाका. आमच्याकडे भुईमूग असतो म्हणून सांगतो. दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरली की तिचं विष असतं, अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि ते यकृतावर जातं. भाजून पूर्ण जात नाही, पाखडून जात नाही, आणि शेजारचा चांगला दिसणारा दाणाही चांगलाच असेल असं नाही. गायीच्या पेंडीतून दुधातही उतरतं, त्यामुळे "माणसाला नको तर गुरांना घाला" हेही नको. कडू लागलेला दाणा गिळायचा नाही, थुंकायचा, हे आमच्याकडे पोरालाही माहीत असतं.

अजून एक. मागे कोणाकडे तरी साठवणीच्या गव्हात कीड लागू नये म्हणून त्या राखाडी गोळ्या टाकलेल्या बघितल्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्या गोदामासाठी असतात आणि तिथेही जाणकार माणसानेच वापरायच्या. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो. राहत्या घरात, झोपायच्या खोलीतल्या कोठीत, कधीही नाही. घरातल्या गव्हाला ऊन आणि घट्ट झाकण पुरे.

आणि कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका. कांद्याला वारा पाहिजे, बटाट्याला अंधार. पिशवीत गाठ मारून ठेवलेला कांदा बघितला की मला त्या कांद्याची कीव येते.


निंबोणी
शेंगदाणे गेले. आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. यकृत म्हटल्यावर थांबल्या, त्यांच्या मोठ्या भावाला लिव्हरचाच त्रास होता. पिशवीला स्वतः गाठ मारली.


पेठरोड_किराणा
माझं दुकान आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो.

आम्ही जवळच्या डेटचा माल पुढे लावतो, नवा मागे. गिऱ्हाईक काय करतं? कोपरापर्यंत हात घालून मागचा पुडा ओढतं. आज संध्याकाळी पोहे करायचेत, पण डेट चार महिन्यांची पाहिजे. पुढचा पुडा तसाच पडून राहतो आणि शेवटी खराब ठरतो. काही कंपन्या डेट गेलेला माल बदलून देतात, काही देत नाहीत, आणि जो जातो तो खायला जात नाही. मी पंधरा दिवस आधी निम्म्या भावाची पाटी लावून बघितली. लोक पाटी वाचतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "का हो, काय झालंय याला?"

आज खायचं असेल तर पुढचा पुडा घ्या. साठवायचं असेल तर मागचा. एवढं केलं तरी माझा महिन्याचा एक खोका वाचेल.


शंकासुर
किराणासाहेब, डेट खोडून नवं स्टिकर मारणारे तुमचेच भाऊबंद ना?


पेठरोड_किराणा
आहेत तसलेही. तारखेवर दुसरं स्टिकर दिसलं तर घेऊ नका आणि तक्रार करा, अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. सरळ धंदा करणाऱ्याला उलट बरंच आहे. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ती कधीपर्यंत चांगली हे लिहायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला होता. दिवाळीत खव्याची मिठाई घेताना पाटी असेल तर आधी ती वाचा, मग वर्ख बघा.

ऑनलाइनवाल्यांनाही नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की माल हातात पडताना एकूण मुदतीतले ३० टक्के किंवा निदान ४५ दिवस शिल्लक असावेत. दारात पिशवी आली की डेट बघा, डिलिव्हरीवाला जिना उतरायच्या आत.


परदेशी_पाखरू (लीड्स, माहेर गंगापूर रोड)
उशिरा आले. इकडचं थोडं सांगते.

इथे फळं आणि भाज्यांच्या पाकिटांवरही बेस्ट बिफोर असायचं. सफरचंदावर तारीख! लोक टणक सफरचंद तारीख गेली म्हणून टाकायचे. २०२२ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने तीनशेहून जास्त फळा-भाज्यांवरून ती तारीख काढून टाकली, मग वेटरोजनेही. फ्रान्सने तर २०१६ मध्ये कायदाच केला, मोठ्या सुपरमार्केटने न विकलेलं खाण्यालायक अन्न नष्ट करायचं नाही, संस्थांना द्यायचं. माझी आई इथे आली होती तेव्हा पाकिटातल्या काकडीवरची तारीख वाचून एवढी हसली. म्हणाली, काकडी काय जन्मदाखला घेऊन येते?

निंबोणी, तुझ्या चॉकलेटांवर तारीख नेमकी कशी लिहिली आहे?


निंबोणी
११/०४ आणि पुढे हे साल. म्हणजे एप्रिलमध्येच संपली ना?


परदेशी_पाखरू
भाऊ अमेरिकेत ना? ते महिना आधी लिहितात. ४ नोव्हेंबर आहे ते. अजून दिवाळी खाऊन पुरतील.


निंबोणी
अगं बाई. चॉकलेटं आईंनीच पिशवीतून वर आणली होती. तारखेचं त्यांना काही माहीत नव्हतं, "पांढरं पडलंय पण वास चांगला आहे" एवढंच म्हणाल्या होत्या.


क्यूसीवाला
पांढरं म्हणजे बुरशी नव्हे, उन्हाळ्यात वितळून पुन्हा थिजताना चरबी वर येते. सासूबाईंना आमच्याकडे नोकरी देऊ का?


गंगाघाट
मला एक कळत नाही. अन्न वाया घालवतात ते मोठी हॉटेलं आणि लग्नाची मंगल कार्यालयं. आपण घरात पोळीचा तुकडा टाकताना दहादा विचार करतो. आणि धागे घराघरांवर.


परदेशी_पाखरू
काका, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल उलटं सांगतो. २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतलं. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो.


गंगाघाट
५५ किलो? माझं वजन ५८ आहे.


निंबोणी
हा आकडा वाचून मीही हादरले. म्हणून आठवडाभर ओला कचरा घंटागाडीत टाकायच्या आधी वजनकाट्यावर ठेवला. (आमचे हे म्हणाले, आता कचऱ्याचीही तारीख लिही.) माणशी ५५ किलो म्हणजे पाच माणसांचे आठवड्याला सव्वापाच किलो व्हायला हवेत. आमचे भरले साडेचार. पण त्या अहवालाच्या मोजणीत साली, देठ, कोयीही धरतात. मी वेगळं काढलं तर तीन किलो सहाशे ग्रॅम साली, मटाराची टरफलं, चहाचा चोथा आणि डाळिंबाच्या साली. उरलेले नऊशे ग्रॅम म्हणजे जे खाता आलं असतं आणि खाल्लं नाही ते.

त्या नऊशेत रवा-बेसन काहीच नव्हतं बरं का. एक अख्खी कोथिंबिरीची जुडी, काळी पडून चिकट झालेली. अर्धी काकडी. वाटीभर उसळ, जी मी "उद्या बघू" म्हणून फ्रीजच्या मागच्या भिंतीला लावली होती. चार ब्रेडचे स्लाइस, त्यातल्या एकावरच बुरशी होती. यातल्या तीन गोष्टींवर आपल्याकडे तारीखच नसते.


मेतकूट
ब्रेड टाकलास ते बरं केलंस. मऊ पदार्थात बुरशीचे धागे आतपर्यंत जातात, ठिपका खुडून उपयोग नाही.

कोथिंबिरीचं दुखणं सगळ्या नाशिकचं आहे. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदावरीकाठच्या) बाजारात गेलं आणि जुडी पाच रुपयांना दिसली की हात थांबतो का? दोन आणतोच. एक वापरतो, दुसरीचं सूप होतं पिशवीतच. आणल्यावर मुळं कापायची, धुवायची नाही, कागदात गुंडाळून डब्यात. धुतलेलीच असेल तर पंख्याखाली पूर्ण वाळू दे. आणि देठ कुठे टाकतेस? देठ वाटणात.


सातपूरकर
उसळीला उपाय आमच्या बायकोने काढला. फ्रीजचा मधला कप्पा "आधी हे". उरलेलं सगळं डोळ्यांच्या उंचीवर, पारदर्शक डब्यात. स्टीलचा डबा म्हणजे विस्मरण. दूध दारात ठेवणंही बंद केलं, दार सगळ्यात कमी गार असतं.


शंकासुर
एवढ्या गंभीर धाग्यात एकाही नाशिककराने वाइनचा विषय काढला नाही याचा निषेध. बाटलीवर एक्स्पायरी का नसते?


क्यूसीवाला
नियमात सूट आहे. वाइन, १० टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेली पेयं, व्हिनेगर, साखर यांना ती लागत नाही. बिअरला लागते. पण सूट आहे म्हणून व्हाइट वाइन दहा वर्षं जपून ठेवू नका, बहुतेक वाइन लवकर प्यायलाच केलेली असते. बूच काढल्यावर तर तीन-चार दिवस. कात्रीचा नियम इथेही.

अवांतर: हे सगळं खाण्यापिण्याबद्दल. औषधांच्या एक्स्पायरीला नाक लावू नका.


निंबोणी
समारोप वगैरे नाही, फक्त हिशोब देते. वर आलेल्या नऊ नगांपैकी शेंगदाणे गेले. इडलीचं पीठ मी हट्टाने टाकलं, आईंनी हट्टाने तोंड फिरवलं. बेसन खवट निघालं, ते त्यांनीच जिभेला लावून सांगितलं. सोया सॉसवर अजून चर्चा चालू आहे. चॉकलेटं आईंच्या नातवाने संपवली. रव्याचा शिरा दोनदा झाला, दुसऱ्यांदा मीही खाल्ला.

बरण्यांसाठी मी कागदी चिकटपट्टी आणि मार्कर आणला. ठरलं असं की पुडा फोडला की बरणीवर फोडल्याची तारीख आणि पुड्यावरची तारीख, दोन्ही लिहायच्या. माझ्या बरण्यांवर आकडे आहेत. आज पोह्यांचा डबा काढला तर त्यावर आईंच्या अक्षरात: "चतुर्थीला फोडले."


शंकासुर
कुठली चतुर्थी?


निंबोणी
मीही तेच विचारलं. म्हणाल्या, "कुठली म्हणजे? लाइट गेली होती ती."